आजतरी मावशी

घरांचे दलाल तिला पाठीमागे 'आजतरी मावशी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. विकत घ्यायचं घर आधी तपासून देणं हा तिचा धंदा. तपासणी आटोपली की गिऱ्हाईक आशेने विचारी, "मग, कसं आहे घर?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "आज तरी बरं आहे." भिंत फोडून ती आत बघायची नाही, किमतीबद्दल चकार शब्द काढायची नाही, घ्या किंवा घेऊ नका हेही सांगायची नाही. डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल, कानाला ऐकू येईल तेवढंच बोलायचं, आणि तेही आजच्या दिवसापुरतं. 'चांगलं' हा शब्द तिने धंद्यात पाऊल टाकतानाच गिळून टाकला होता. म्हणून तर लोक लांबून लांबून तिलाच बोलावत.

पंचाईत एवढीच की ही सवय तिच्याबरोबर घरीही आली. मुलगा शाळेत पहिला आला तेव्हा "आज तरी आलास" म्हणून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याचं लग्न झालं आणि शेजारीण सून कशी आहे विचारायला आली, तेव्हाही मावशी सहज बोलून गेली, "आज तरी बरी आहे." सून दारामागे चहाचे कप घेऊन उभी होती. तिने हसऱ्या चेहऱ्याने चहा दिला, पण ते वाक्य काही ती विसरली नाही.

मुलगा आणि सून भाड्याच्या जागेला कंटाळून घर शोधू लागले. दोन घरं सुनेच्या मनात भरली आणि ती दोन्ही घरं सासूबाईंनी मोडीत काढली. एकाचा स्लॅब मधोमध झुकला होता, दुसऱ्याच्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं. दोन्ही वेळा सून तोंडातून ब्र न काढता सासूच्या मागून खोल्याखोल्यांतून फिरली. ती रुसली आहे असंच सगळ्यांना वाटलं.

तिसरं घर दुमजली होतं. वर पूर्वेची मोठी खिडकी होती आणि तिच्यापुढे सुनेचं शिलाई मशीन अगदी बेतल्यासारखं बसलं असतं. मुलाने आईला फाटकातच गाठलं. "आई, या वेळी जरा डोळेझाक कर. हेही गेलं तर ती पुन्हा घर बघायला यायची नाही. तसं म्हणालीच आहे ती मला." मावशीने त्याला झटकून टाकलं, पण शब्द मनात राहिला.

तपासणी नेहमीसारखीच सुरू झाली. मावशी आधी गच्चीवर गेली, उतार कुठल्या बाजूला आहे आणि पाणी कुठे साचतं ते पाहिलं. मग बाहेरून चारी भिंतींना फेरी मारली. गिलाव्याच्या केसाएवढ्या चिरा तिने सोडून दिल्या. भिंत खचल्याची तिरकी चीर कुठे दिसते का ते शोधलं, ती दिसली नाही. पेचकसाच्या लाकडी मुठीने तिने फरशी न् फरशी ठोकली. आतून पोकळ असलेली फरशी आवाजावरून ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दारं अर्धवट उघडी सोडली, एकही आपणहून हललं नाही. सगळे नळ एकदम सोडले, धार बारीक झाली नाही. शेवटी वरच्या बाथरूममधल्या पाणी जायच्या जाळीत तिने फडक्याचा बोळा कोंबला, फरशीवर पाणी भरलं आणि ते तसंच ठेवून ती खाली अंगणात आली. आता पाणी खालच्या छतात उतरतं का, याची वाट बघायची. पाण्याला घाई चालत नाही, हे ती गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकली होती.

पण आज गिऱ्हाईक परकं नव्हतं. मुलगा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला ती खिडकी आठवली, मशीन आठवलं, आणि तिचा धीर सुटला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "घ्या."

मुलगा बघतच राहिला. मालकाकडून आज पहिल्यांदाच आलेल्या दलालाने तर त्याला कळवायला लगोलग फोन बाहेर काढला.

"आई," खालच्या खोलीतून सुनेचा आवाज आला, "'आज तरी' म्हणायचं राहिलं."

सगळे आत गेले. बाथरूमच्या बरोबर खाली ती स्टुलावर उभी होती. टॉर्च तिने छताला जवळजवळ चिकटवून आडवा धरला होता. समोरून बघितलं तर छत कोरडं ठणठणीत. आडव्या उजेडात मात्र ओलीचा फुगवटा दिसत होता आणि त्याच्या टोकाशी एक थेंब जमत होता.

मावशीने जीभ चावली. एवढी हयात या कामात गेली आणि पाणी मुरायच्या आत तिने निकाल देऊन टाकला होता, तोही घरच्या माणसांना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लगेच दुसरंच काहीतरी मनात आलं. टॉर्च आडवा धरायला या पोरीला शिकवलं कुणी? कुणीच नाही. दोन घरांत मागे मागे फिरताना ती रुसली नव्हती, बघत होती. आज ती गप्प बसली असती तर खिडकीसकट घर तिचंच होतं.

दलाल म्हणाला, एवढ्याशा ओलीचं काय घेऊन बसलात, रंगाचा एक हात मारला की झालं. सून स्टुलावरूनच शांतपणे म्हणाली, "आधी वरची फरशी काढून गळती बंद करा. मग पुन्हा पाणी भरू, सकाळपर्यंत ठेवू. मग बोलू."

दलालाने वळून मावशीला विचारलं, "या कोण? तुमच्या हाताखाली तयार झाल्या वाटतं."

"माझी सून," मावशी म्हणाली. "चांगली आहे."

मुलगा राहिलेल्या दोन शब्दांची वाट बघत राहिला. सूनही टॉर्च तसाच धरून थांबली होती. मावशी मात्र पदर खोचून वर बोळा काढायला निघून गेली होती.