रंगाखालचा तडा

मगदूम सरांच्या हातात कायम काहीतरी मोडलेलं असायचं. ट्रॅक्टरचा बोल्ट, पंपाचा दांडा, एखादी स्प्रिंग. सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते धातूंचा थकवा शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला तार वाकवून वाकवून मोडायला लावली आणि मला विचारलं, कधी मोडली? मी म्हटलं, आत्ता.

"आत्ता तुला कळलं. ती कधीची मोडायला लागली होती. उभा राहा."

तास संपेपर्यंत मी उभाच होतो. दया त्यांच्याकडे आवडत्या विद्यार्थ्यालाही मिळत नसे.

गेल्या वर्षी कोरेगावजवळच्या एका जत्रेत आकाशपाळण्याचा आस मोडला. एक मुलगी गेली. मालक म्हणाला, पोरं जादा बसली. मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढून स्टँडवर वाटलं. पोलिसांनी आस तपासायला सरांकडे पाठवला.

सरांनी तो आम्हाला दाखवला. मोडलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या बारीक रेषा होत्या. फिरून फिरून तडा कसा सरकत गेला, त्याच्या त्या खुणा. शेवटचा खडबडीत भाग तेवढा त्या दिवशी तुटलेला. आणि जिथून तडा सुरू झाला, तिथे आतपर्यंत निळा रंग उतरला होता. म्हणजे जत्रेसाठी पाळणा रंगवला तेव्हा तडा होताच.

पाळणा रंगवला होता कोरेगावच्या सलीमभाईंनी. गेलेली मुलगी त्यांचीच. रंगाऱ्याची पोर म्हणून मालकानं तिला फुकट बसवलं होतं.

सलीमभाई बायकोला घेऊन कॉलेजात येणार होते. मी सरांना आधीच गाठून विनवलं, रंगाचं त्यांच्यापुढे काढू नका, मालकाचं नाव सांगा आणि सोडा. सर म्हणाले, "तडा बघितलेला तोच एक साक्षीदार आहे. त्याला जपलंस, तर मालक सुटला."

भाभी बाहेर बाकावर बसल्या. सलीमभाईंनी आत येऊन विचारलं, "सर, माज्या पोरीला कुणी मारलं?"

"तडा रंगाच्या आधीचा आहे. रंग देताना तुम्हाला दिसला होता?"

सलीमभाईंनी आपल्या हातांकडे बघितलं.

"दिसला हुता. मालकाला दावला. ते म्हनले, वरनं दोन हात मार, दिसायचा न्हाई. मी मारलं."

कोर्टात सांगाल का, असं सरांनी विचारलं. सलीमभाईंनी होकारार्थी मान हलवली.

बाहेर भाभींनी विचारलं, काय म्हणाले सर?

"लोखंड खराब हुतं, म्हनले."

सर दारात उभे होते. "तिला खरं सांगा," ते म्हणाले. "कोर्टात परक्याच्या तोंडून ऐकायला लावू नका." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला आणि सलीमभाई बोलेपर्यंत जागचे हलले नाहीत.

सलीमभाईंनी सांगितलं. भाभी रडल्या नाहीत. पिशवी उचलून एकट्याच स्टँडवर गेल्या आणि माहेरी, वडूजला जाणाऱ्या गाडीत बसल्या. सर पुढच्या तासाला गेले.

साक्षीमुळे मालक आत गेला. माझ्या पत्रकानं तो गेला नसता, हे मला मान्य आहे. कॉलेज सोडताना सगळे सरांच्या पाया पडले, मी लांबूनच नमस्कार केला. भाभी अजून वडूजलाच आहेत.