न भिजलेली रांगोळी

आमच्या दवाखान्यात नारळ फोडल्याशिवाय काही सुरू होत नाही. नवं एक्स-रे मशीन आलं की नारळ, बंद पडलेली लिफ्ट चालू झाली की नारळ. अपघात विभागात सिस्टर म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलं आणि त्यातला बराच वेळ पाहुण्यांचे फेटे बांधून होण्याची वाट बघण्यात गेला. त्यामुळं रासायनिक अपघातातल्या रुग्णांसाठी अंगणात फवाऱ्यांची खोली बांधून झाली, तेव्हा पुढं काय तमाशा होणार हे मला ठाऊक होतं.

खोली म्हणजे पत्र्याचा आडोसा, वर फवारे आणि खाली फरशी. कल्पना चांगली होती. कुठं कारखान्यात गॅस फुटला आणि एकदम माणसं आली, तर त्यांना तसंच आत घ्यायचं नाही. अंगावरचे कपडे बाहेरच उतरवायचे, डोक्यापासून पायापर्यंत भरपूर पाण्यानं धुवायचं, डोळे तर धुतच राहायचं, मग आत. नाहीतर कपड्यांत मुरलेला गॅस आतल्या सगळ्यांना भोवतो. इतकं साधं काम. पण साधी गोष्ट आमच्या साहेबांना, म्हणजे दवाखान्याच्या अधीक्षकांना, कधीच पुरत नाही. त्यांनी दाराशी संगमरवरी पाटी बसवली. पाटीवर खोलीचं नाव बारीक अक्षरांत आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांचं नाव ठसठशीत.

उद्घाटन आणि रंगीत तालीम एकाच दिवशी ठेवली होती. नर्सिंगच्या पोरींनी बरोब्बर फवाऱ्यांखाली भलीमोठी रांगोळी काढली, दोन्ही बाजूंना मोर आणि मध्ये कलश. बाकीच्या पोरी रुग्ण झाल्या होत्या. त्यातली एक बेशुद्ध पोरगी स्ट्रेचरवरून मैत्रिणींना हात करत होती. आमच्या एका शिपायाला संरक्षक पोशाख आणि तोंडाला मास्क चढवून उभा केला होता. थोड्या वेळानं तो दोन्ही हात हवेत झाडायला लागला. पाहुण्यांना वाटलं, काय झकास अभिनय! टाळ्या पडल्या. मी पळत जाऊन मास्क ओढून काढला. मास्कच्या फिल्टरचं सील कुणी काढलंच नव्हतं. बिचारा आणखी थोडा वेळ तसाच राहिला असता तर टाळ्यांच्या गजरातच गेला असता. साहेबांनी त्यालाही गुलाबाचं फूल दिलं.

मी साहेबांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "साहेब, एकदा पाणी सोडून बघू या."

"सिस्टर, अहो सकाळपासून पोरी खपल्यात त्या रांगोळीवर," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर पुसायची का? पाणी काय, कॉक फिरवला की येतंच."

रुग्ण झालेल्या पोरींना रांगोळीला वळसा घालून, पदर सावरत, कोरड्याच्या कोरड्या आत नेलं. मग भाषणं झाली आणि वडा-चहा झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'दवाखाना सज्ज'. त्यानंतर त्या खोलीला कुलूप लागलं आणि आत समारंभाच्या खुर्च्या रचल्या गेल्या. मी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांच्या घरचा नळ मागत होते.

उन्हाळ्यात एका दुपारी गडमुडशिंगीच्या बायका टेम्पोतून आल्या. मटार गोठवणाऱ्या एका शीतगृहात कामाला होत्या. तिथली अमोनियाची नळी फुटली होती. टेम्पो फाटकात शिरला तसा मुतारीसारखा उग्र वास नाकात घुसला. सगळ्या खोकत होत्या. एकीच्या मात्र थेट तोंडावर फवारा आला होता. तिनं पदराचा बोळा डोळ्यांवर दाबून धरला होता.

"सिस्टर, डोळं लई जळाय लागल्यात," ती ओरडत होती. "पाणी घाला की वो!"

मी तिला धरून फवाऱ्यांच्या खोलीकडं नेलं. किल्ली सापडेना, म्हणून टेम्पोवाल्यानं कुलूप तोडलं. आम्ही खुर्च्या बाहेर फेकल्या आणि मी कॉक फिरवला. फुस्स करून हवा आली. पुन्हा फिरवला, पुन्हा हवा. पत्र्यामागं जाऊन बघितलं, तर नळ टाकीला जोडलेलाच नव्हता. त्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेला होता. कधी नाही तो मी त्या दिवशी शिव्या दिल्या, अगदी अस्सल कोल्हापुरी, आणि आजही एक शब्द मागं घेणार नाही.

साहेब तोवर धावत आले. अंगणात भिजत बसलेल्या बायका पत्रकारांच्या नजरेस पडायला नकोत म्हणून त्यांनी सगळ्यांना कपड्यांसकट आत घ्यायला लावलं. एसी लावलेला बंद हॉल तो. बघता बघता डॉक्टर, सिस्टरा, आधीचे दम्याचे रुग्ण, सगळे खोकत बाहेर पळाले. सर्वांत पुढं साहेब. मी त्या बाईला आत जाऊच दिलं नव्हतं. पायरीवर बसवून हाताला लागतील तेवढ्या सलाईनच्या बाटल्या तिच्या डोळ्यांवर रिकाम्या केल्या, मग कँटीनच्या पिंपातलं पाणी बादल्यांनी आणलं. पण कुलूप, खुर्च्या आणि तो कोरडा कॉक, यांत जायचा तो वेळ गेलाच होता.

बाकीच्या बायका बऱ्या होऊन घरी गेल्या. तिचे डोळे गेले. डोळ्यांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आल्या आल्या भरपूर पाणी मिळालं असतं तर निदान एक तरी वाचला असता." हळूच, कारण दाराबाहेर तिचे नातेवाईक उभे होते. मी बाहेर जाऊन त्यांना ते मोठ्यानं सांगितलं. साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचं अतोनात सुख आहे.

पावसाळा सरल्यावर साहेबांचा सत्कार ठरला, आपत्तीत दाखवलेल्या तत्परतेबद्दल. या लोकांना लाज कुठं विकत मिळत असती तरी त्यांनी आधी उद्घाटनाची तारीख ठरवली असती. त्याच अंगणात मांडव, तेच फेटे, आणि व्यासपीठाच्या वाटेवर तेच मोर. वाचलेली रुग्ण म्हणून त्या बाईलाही बोलावलं होतं, साडी-चोळी द्यायला. तिची जाऊ तिला फाटकातून घेऊन आली. गर्दीत जावेचा हात सुटला आणि ती पुढं चालत राहिली. तिचा पाय थेट मोराच्या पिसाऱ्यावर पडला.

"ओ बाई!" साहेब व्यासपीठावरून ओरडले. "बघून चाला ना जरा! सगळी रांगोळी पुसली."

ती जागच्या जागी थांबली. "रांगोळी हाय व्हय हितं?" तिनं विचारलं. "कुठनं जाऊ मग?"

"इथनंच," मी म्हणाले. तिचा हात धरला आणि तिला कलशावरून, दुसऱ्या मोरावरून, सरळ मधून नेलं.