भागोजी पेंटरचा कागद

भागोजी पेंटरची एक खोड साऱ्या रत्नागिरीला ठाऊक आहे. मजकूर कागदावर लिहून, खाली सही करून दिल्याशिवाय तो ब्रश रंगात बुडवत नाही. दुकानाची पाटी असो नाहीतर लग्नघरच्या भिंतीवरचा गणपती असो, कागद आधी. ‘आता शुभविवाह काय लिहून द्यायचं?’ म्हणून लोक वैतागतात आणि शेवटी मुकाट्याने लिहून देतात. बाजारात त्याचा विषय निघाला की हशा पिकतो, आणि मी काहीतरी काम आठवल्यासारखं करून तिथून उठतो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. ही खोड त्याला माझ्यामुळे लागली.

भागोजीचा बाप होड्यांवर नावं काढायचा. भागोजीने होड्या सोडून गाड्या धरल्या, एवढाच फरक. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नसे, पण समोर ठेवलं तर छापल्यासारखं उतरवून काढी. काम झालं की उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘भागोजी’ अशी सही करायचा आणि दोन पावलं मागे जाऊन बघत राहायचा. त्या वेळी त्याच्याशी बोललं तर ऐकू येत नसे.

मी तेव्हा तीनचाकी टेंपो विकणाऱ्या एका दुकानात मॅनेजर होतो. बी.कॉम. झालेला, म्हणजे माझ्या मते शहाणा. शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. अमुक नंबरच्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरसमोर जी सूचनेची पट्टी लावली आहे, तिच्यावर चुकून मोठ्या गाडीचं वजन छापलं गेलं आहे. पाचशे किलोच्या जागी साडेसातशे. तेवढा माल भरला तर उतारावर ब्रेक लागणार नाही. तेव्हा गाड्या परत बोलवा आणि पट्टी बदला. नव्या पट्ट्या यायला वेळ लागेल, तोवर रंगाने लिहून घ्या.

आमच्याकडून अशा अकरा गाड्या गेल्या होत्या. मी पोस्टकार्डं टाकली. आंब्याचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे गाडीवाले कुरकुरतच आले. भागोजीला बोलावून मी मजकूर सांगितला: ‘पाचशे किलोपेक्षा जास्त माल भरू नये.’

त्याने ब्रश खाली ठेवला. म्हणाला, “सायब, किलो कोन बघतो? हिकडं सगळे पेट्या मोजतात.”

बोलला ते खरं होतं. आमच्याकडे बागवाल्याला विचारा, ड्रायव्हरला विचारा, माल किती, तर उत्तर पेट्यांत येतं. किलोचा काटा असतो वाण्याकडे. मला आपलं शहाणपण पाजळायची संधी मिळाली. दुकानात आमच्या मालकांनी पाहुण्यांसाठी आणवलेली एक पेटी पडली होती, चार डझनांची. ती मी शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. सोळा किलो भरली. पाचशेला सोळाने भागलं, वरचं सोडून दिलं आणि ऐटीत म्हणालो, “लिही. तीस पेट्यांपेक्षा जास्त माल भरू नये.”

“पन पेटी कंची धरलीत?” भागोजीने विचारलं. “मोठीपन असते.”

“तुझं काम अक्षराचं,” मी म्हणालो. “आकडा मी बघतो.”

हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे आणि लिहितानाही कान गरम झाले आहेत.

भागोजीने अकराही गाड्यांत लिहिलं. तांबडी अक्षरं, पिवळी पट्टी, कोपऱ्यात सही. लोक खूश झाले. कंपनीला जमलं नाही ते आपण सोपं करून दिलं, असं मी दोन-चार जणांना सांगितलंसुद्धा.

मे महिन्यात राजापूरच्या अलीकडच्या उतारावर लवूचा टेंपो उलटला. लवू तिथलाच, राजापूर तालुक्यातला. वर्षभरापूर्वी टेंपो घेतलेला, गाडीला हार घातल्याशिवाय चावी न फिरवणारा माणूस. वळणावर ब्रेक लागला नाही. त्याचा उजवा पाय पत्र्याखाली सापडला आणि पुढे गुडघ्याखाली काढावा लागला. मी त्याला बघायला गेलो तेव्हा तो सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. “जास्त भरला नव्हता वो. पाटीवर होत्या तेवढ्याच. दोन येळा मोजल्या, तीस.”

त्या पेट्या दहा डझनांच्या होत्या. एकेक बत्तीस-तेहतीस किलोची. बाकीचे ड्रायव्हर ना किलो बघत ना पाटी, पण गाडी जड लागली की अंदाजाने दोन पेट्या उतरवत. लवूने पाटीवर विश्वास ठेवला. त्याच्या खाटेजवळ त्याची बायको मथुरा उभी होती. तिने मला बसायला स्टूल दिलं. मी त्या स्टुलावर बसलो, चहाही प्यालो.

आठवड्याने कंपनीचा माणूस आला. मोडलेला टेंपो आमच्या आवारात आणून ठेवला होता. त्याने आत डोकं घालून पाटी वाचली, कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि विचारलं, “हा भागोजी कोण?”

आमच्या मालकांनी भागोजीला बोलावलं. तो हात पुसत आला. बोटांवर हिरवा रंग होता.

“हे तू लिहिलंस?” कंपनीच्या माणसाने विचारलं.

“लिवलेला माझाच हाय.”

“पेट्यांचा आकडा कोणी सांगितला?”

भागोजीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी टेबलावर फाईल उघडून बसलो होतो आणि त्या फाईलमध्ये जणू माझं मरण लिहिलं आहे इतक्या लक्षाने वाचत होतो. तो थांबला. मी बोलावं म्हणून थांबला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर सुचलं वगैरे काही नाही. मी मूग गिळून बसलो.

“तोंडी सांगितला होता कुनीतरी,” भागोजी म्हणाला. “आता आठवत नाय.”

मालकांनी त्याला पुन्हा आवारात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. कंपनीला पाठवायचा रिपोर्ट मी लिहिला. त्यात ‘पेंटरच्या अज्ञानामुळे’ असे शब्द आहेत. ते माझे आहेत.

दुसऱ्या दिवशी भागोजी दुकानाच्या दाराबाहेर उभा राहिला, आत आला नाही. उरलेल्या दहा गाड्यांचे पत्ते त्याला हवे होते. मी लगेच लिहून दिले. तेवढं करायला मी कचरलो नाही. कागद वाचून त्याने परत पुढे केला. “खाली सही करा.” मी केली. त्यानंतर महिनाभर तो रंगाचा डबा घेऊन एसटीने फिरला. गुहागरच्या दोन गाड्या, एक पार अंजनवेलची, बाकीच्या राजापूरकडच्या. प्रत्येक गाडीतली पाटी घासून त्याने ‘५०० किलो’ लिहिलं, आणि खाली ‘पेटी वजन करून भरा’. पुढे त्यातल्या बऱ्याच गाड्या माझ्या पाहण्यात आल्या. कोपऱ्यात सही नव्हती. अजूनही तो कुठल्याच पाटीवर सही करत नाही. त्याच्याऐवजी लोकांची घेतो.

यंदा मी रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात घर बांधलं. पाटी हवी होती. दुसऱ्या पेंटरकडे जाता आलं असतं, पण का कोण जाणे, पाय त्याच्याकडेच वळले. तीन वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो. त्याने ओळखलं, बाकडं पुसून दिलं आणि नेहमीसारखा कागद-पेन्सिल पुढे सरकवली.

मी नाव लिहिलं नाही. मी लिहिलं: ‘तीस पेट्या हा आकडा मी सांगितला होता. भागोजीने विचारलं होतं, मी ऐकलं नाही.’ खाली पूर्ण सही केली, तारीख घातली.  खरं सांगतो, मनातून मला वाटत होतं की आता तो म्हणेल, जाऊ द्या सायब, झालं गेलं.

त्याने अक्षरांखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

“ह्ये मला कशाला?” तो म्हणाला. “मला ठावकच होता. लवूला ठावक नाय. तो अजून म्हनतो, भागोजीनं माझा पाय घालवलान. त्याला न्हेऊन द्या. आनि पाटीचा कागद मग आणा.”

घराला अजून पाटी लागलेली नाही. पोस्टमन शेजारी विचारत येतो. राजापूरची एसटी सकाळी आठला सुटते. तो कागद खिशात घालून मी आतापर्यंत दोनदा स्टँडवर जाऊन परत आलो आहे.