धोंड्याचं जेवण आणि जावयाचे पाय

बिरदेवचं जेवण ही भूम तालुक्यात बघायची गोष्ट होती. लग्नातली पंगत उठायची, वाढपी हात धुवायचे, आणि हा गडी विचारायचा, "बुंदी ऱ्हायलीय का जरा?" एवढं खाऊन अंगाला काही लागत नव्हतं. उलट वर्षभरात विजार नुसत्या नाडीच्या जिवावर टिकून होती. हात थरथरायचे, छाती धडधडायची. "मेंढरामागं पळतोय, दुसरं काय," हे त्याचं स्वतःचं निदान.

मग एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उठेनात. डोकं शाबूत, तोंड चालू, कमरेखाली मात्र भिजलेली पोती. दुपारी गडी ठणठणीत, मेंढरं घेऊन माळावर. लग्नातनं आलेला माणूस सकाळी का उठत नाही, याचं गावाला एकच कारण ठाऊक. नळदुर्गाजवळ राहणाऱ्या सासऱ्याच्या कानावर बातमी जाईस्तोवर तिच्यात बाटलीसुद्धा सापडली होती.

सासरा गुंडाप्पा माळकरी. त्यानं लेकीला, बिरदेवच्या बायकोला, समृद्धीला माहेरी नेलं. "दारुड्याच्या घरी लेक धाडणार न्हाय!"

बिरदेवनं थेंब घेतला नव्हता, पण दाखवणार काय? पुढं दोनदा पाय गेले, दोन्ही वेळा डॉक्टरच्या दारात पोचेपर्यंत परत आले. चालत आलेल्या माणसाला डॉक्टरनं ताकदीचं टॉनिक दिलं.

अशात अधिक महिना लागला. सासू शांताक्का नवऱ्याला म्हणाली, "जावयाला धोंडं वाढलं न्हाय तर चार बायका मला काय म्हणतील?"

"बोलाव. पण रातच्याला इथंच झोपायचं, माझ्या नजरंखाली."

बिरदेव आला. समृद्धीनं दारातनंच नजरेनं बजावलं, नीट वागा. तो इतका नीट वागला की सासूनं ताटात टाकलेल्या एकाही धोंड्याला नाही म्हणाला नाही. पुरण, वर तूप, वर आग्रह. मग गुंडाप्पानं आपली बाज दारात आडवी टाकली. उंदीर बाहेर गेला असता तरी त्याला कळलं असतं.

सकाळी त्यानं हाक मारली, "उठा जावई, च्या झालाय."

"मामा, पाय उठंनात."

गुंडाप्पा वाकला, जावयाचं तोंड हुंगलं. तूप आणि विलायची. त्यानं पुन्हा हुंगलं.

"अवो, किती हुंगताय? लेकरू हाय का ते?" म्हणत शांताक्कानं साखरेचं गच्च सरबत पाजलं. त्यावर हातही ढिले पडले.

समृद्धी बापाला म्हणाली, "आप्पा, आत्ताच्या आत्ता न्या. दुपारी हे चालाय लागले की कोण खरं मानंल?"

शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये जावई आडवा घालून गुंडाप्पानं सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, बोटांची थरथर बघितली, रक्त घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "रात्री गोड किती खाल्लं?"

बिरदेवनं लाजून सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं छताकडं.

"रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय," बाई म्हणाल्या. "माझा संशय थायरॉईडवर आहे. ती गळ्यातली ग्रंथी जोरात चालली, की भरपूर गोड खाल्ल्यावर हे पोटॅशियम रक्तातनं पेशींत शिरतं. मग पाय गळतात. क्वचित दिसतं असं. सरबतानं तर अजून भर घातली."

"थायरॉईड? ते बायकांला होतंय न्हवं?" गुंडाप्पा म्हणाला.

"बायकांना जास्त होतो. पण हा पाय पाडणारा प्रकार पुरुषांतच जास्त."

हृदयाच्या आलेखावर डोळा ठेवून बाईंनी जपून पोटॅशियम दिलं. संध्याकाळी बिरदेव उभा राहिला. थायरॉईडचा रिपोर्टही बाईंच्या बाजूनं बोलला. बाईंनी थायरॉईडच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, त्या मनानं बंद करायच्या नाहीत, ताप आला किंवा घसा दुखला तर लगेच यायचं, रक्त तपासत राहायचं, आणि थायरॉईड ताब्यात येईपर्यंत पंगती, गोडधोड बंद. ही शेवटची अट ऐकताना बिरदेवचा चेहरा जसा झाला, तसा पाय गेले तेव्हाही झाला नव्हता.

सासरवाडीला परतल्यावर त्यानं विचारलं, "मामा, समृद्धीला नेऊ का?"

गुंडाप्पानं गळ्यातल्या माळेला हात लावला. "न्या. म्या चुकलो, जावई. गावालाबी मीच सांगतो, आमचा जावई पिऊन न्हाय, खाऊन पडतो."

"तेवढं नका सांगू, आप्पा," समृद्धी म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली.

दोघं निघाली तेव्हा शांताक्काच्या डोळ्याला पदर लागला होता. लेक चालली म्हणून नव्हे. अधिक महिन्यात जावई हातावर साखरसुद्धा न घेता चालला म्हणून. बिरदेवलाही जरा भरून आलं. कारण तेच.