आधी चुलाण विझवा

फाल्गुनात कुठे शिजत्या हळदीचा वास आला, की ती दुपार अजून माझ्यापुढे येऊन उभी राहते. परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, हाताखालच्या लोकांना हुकूम सोडलेला आवडत नाही. मग सोडावा तरी कधी?" उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. धाकट्यालाही वाचून दाखव.

वसमत भागातल्या एका पोलीस ठाण्याचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता. सकाळी हजेरी, मग कडुनिंबाखाली चहा. आमच्या जमादारांचा आवाज असा, की बिनतारी यंत्र बंद पडलं तरी काम अडणार नाही, असं सगळे म्हणत. ते दिवस आठवले की बरं वाटतं.

त्या दिवशी दुपारी एक मजूर जोडपं धावत आलं. शिरड शहापूरच्या रस्त्यावर एका शेतात चुलाणावर, म्हणजे मोठ्या चुलीवर, कढई चढवून हळद शिजवायचं काम चालू होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच ते हळदीच्या कामावर आले होते. आईने झाडाखाली निजवलेली तीन वर्षांची पोरगी जागेवर नव्हती.

"हीर पाहिली, पाट पाहिला," बाप म्हणाला.

मी गुन्हा नोंदवायला सांगितलं, नाकाबंदी लावली आणि हवालदाराबरोबर माणसं देऊन दोघांना शेतावर पाठवलं. हवालदाराला एवढंच म्हटलं, "मी सांगेपर्यंत शेत सोडायचं नाही."

थोड्या वेळाने बसस्थानकावरून एका कंडक्टरचा फोन आला. "मॅडम, गाडीत एक म्हातारी हाय. संगं लहान पोरगी, पाय पिवळेजर्द. पोरगी रडून राहिली, अन् म्हातारी काहीच बोलंना."

हळदीच्या शेतातलं लेकरू पायांवरून ओळखू येतं. मी जमादारांना घेऊन निघाले. पण बातमी आमच्या आधी पोचली होती. बसला गराडा पडला होता, "पोरं पळवणारी!" असा ओरडा चालू होता. एकाने खिडकीतून म्हातारीचा पदर धरला होता.

तिथे कुणाचं मत विचारायला वेळ नव्हता. गर्दीला 'मागे सरका' म्हटलं तर कुणीच सरकत नाही, कारण ते आपल्याला म्हटलंय असं कुणाला वाटत नाही. मी एकेकाकडे पाहून सांगितलं. "जमादार, दारात उभे राहा. कंडक्टर, खिडक्या लावा. ड्रायव्हर, गाडी ठाण्यात घ्या."

"मॅडम, पण माझं टायमिंग..."

"जबाबदारी माझी. गाडी काढा."

प्रवाशांसकट बस ठाण्याच्या आवारात आली. हरवलेल्या पोरीच्या आईला ओळख पटवायला आणावं म्हणून शेतावर जीप पाठवली. फोनवर फोटो पाठवायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती.

आत जमादारांनी सुरुवात केली. "बोल! पोरगी कुणाची? कुठून उचलली?" आवाज चढत गेला तशी म्हातारी आणखी आक्रसत गेली.

"मॅडम, दोन मिनिटं द्या. बोलती करतो."

"तुम्ही ती दोन मिनिटं बाहेर घालवा," मी म्हटलं.

बसपाशी काय करायचं ते मला ठाऊक होतं. इथे मला काहीच माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत नाही त्याने हुकूम कसला सोडायचा? मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. पोरीला बिस्किटं मागवली. पोरगी तिच्या मांडीला चिकटून खाऊ लागली, तिथेच मी निम्मं ओळखलं.

"तकलीफ झाली मावशी तुम्हाला. नात का?"

"व्हय. लेकीची."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी मुकादमाला बलवलं असतं. त्येला न सांगता निघाले मी."

"का निघालात?"

तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काल ही पाल्याच्या ढिगात जाऊन निजली, बाई. आत गार लागतंय लेकरायला. अन् त्योच पाला चुलाणात घालून राहिले व्हते. मी पाय धरून वढून काढली. म्हनलं, न्हाई राहायचं आता."

म्हणजे ही हरवलेली पोरगी नव्हतीच; म्हातारीचं शेतही वेगळं होतं. पण हळदीचा वाळला पाला सगळीकडेच जाळतात. आम्ही सगळ्यांनी पाण्यात शोधलं होतं. कढईशेजारच्या ढिगाकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

मी हवालदाराला फोन लावला. "चुलाण विझवा. पाल्याला कुणी हात लावायचा नाही."

"मॅडम, काहून? मालक म्हणतो, कढई अर्धी शिजली..."

"आधी चुलाण विझवा, मग विचारा."

विस्तवावर पाणी पडल्याचा चर्रर्र आवाज मला फोनवर ऐकू आला. मग सांगितलं, "आता ढीग वरून काढा. हातांनी. फावडं नको, काठी नको."

फोन चालूच होता. नुसती सळसळ. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या महिला शिपायाने गळ्यातलं पदक मुठीत धरून डोळे मिटले होते. मग हवालदार ओरडला, "हाय मॅडम, हाय! निजली हाय! उठवली म्हनून चावली मला!"

आपलं नीट चालू असलेलं घर सोडून तुम्ही इतक्या लांब माणसं सांभाळता, म्हणून सांगते. हुकूम सोडावा तो जीव वाचवण्यापुरता, थोड्या शब्दांत, एका माणसाला, आणि परिणाम आपल्या अंगावर घेऊन. पण हुकमात काय सांगायचं ते बहुतेक वेळा दुसऱ्याकडून कळतं, आणि ते दरडावून कळत नाही. मला फोनवर दोन वाक्यं बोलता आली, ती म्हातारीने दिली म्हणून.

बस उशिरा सुटली, तरी एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. जमादारांनी स्वतः म्हातारीचं गाठोडं उचलून गाडीत ठेवलं आणि गाडीच्या दारातूनच नेहमीच्या आवाजात पुकारा केला, "मावशी, या! खिडकीची जागा धरली हाय!"

नात तिच्या खांद्यावर झोपली होती. म्हातारीने डोळे वटारले. "हळू बोल की रे बाबा. लेकरू निजलंय."

आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आमचे जमादार पायरीवरून बूट हातात घेऊन खाली उतरले.