झोंबीला दिलेला आवाज

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. वाचायचं, बायकोला ऐकवून हसायचं, चहा संपवायचा. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण मागच्या फेब्रुवारीत जे झालं ते माझ्या हातून झालं... त्यात चूक माझी होती, म्हणून लिहितोय.

मी अमरावतीत एका खासगी कॉलेजात फिल्म आणि साउंड शिकवतो. वय एक्कावन्न. माझे बाबा अकोल्यात शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घशातून नुसता एक घोगरा, लांबलेला आवाज यायचा. आईला त्यातलं सगळं समजायचं, मला कधीच काही समजलं नाही. मी रविवारी एसटीनं जायचो, दोन तास बसायचो आणि परत यायचो. एकदा डॉक्टरांना ऐकवायला म्हणून तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला. अठरा सेकंद. तीन वेळा बाबांचा आवाज, आणि शेवटचे पाच-सहा सेकंद फक्त पंख्याची घरघर.

दिवाळीनंतर बाबा गेले. क्लिप मोबाईलमध्येच राहिली.

फेब्रुवारीत सेकंड इयरच्या मुलांना असाइनमेंट दिलं होतं — हॉरर फिल्मची सुरुवात, फक्त दोन मिनिटं. प्रणयच्या ग्रुपनं झोंबी निवडला. नांदगाव पेठच्या एमआयडीसीमागे एका रिकाम्या प्लॉटवर भर सकाळी शूटिंग केलं. मैद्याची लेई, टिश्यू पेपर, बीटाचा रस... मेकअप खरंच छान झाला होता. गाडी अडली ती झोंबीच्या आवाजावर. लॅबमध्ये प्रणय माइकसमोर घुमायला लागला, तशी एडिटिंग करणाऱ्या श्वेतानं हेडफोनच काढला.

"अबे, हा झोंबी आहे का गाभण म्हैस?"

"मंग तू कर ना!"

"मी केलं तर सर हसून हसून मार्क द्यायचेच विसरतील."

नेटवरचा आवाज वापरायचा नाही, हा नियम माझाच होता. मी मोबाईल काढला आणि म्हणालो, "माझ्याकडे एका जुन्या नटाचं रेकॉर्डिंग आहे, बघा चालतं का." पोरांसमोर भाव खायचा होता, दुसरं काही कारण नाही.

स्पीकरवर क्लिप लागली. मग प्रणय म्हणाला, "बाप्पा! सर, काटा आला अंगावर." मग एकानं मान वाकडी केली, तोंड फाकवलं आणि तोच आवाज काढत कॉम्प्युटरांच्या मधून फिरू लागला. सगळी लॅब हसली.

मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वेता स्टाफरूममध्ये आली. "सर, क्लिपमध्ये आवाज तीन होते ना?"

"हो."

"मग चौथा कुठून आला?"

मी जाऊन ऐकलं. पडद्यावर झोंबी कॅमेऱ्याकडे वळतो, तिन्ही आवाज होतात, आणि पंख्याच्या घरघरीत, जिथे काहीच नव्हतं तिथे, चौथा. बारीक, थांबत थांबत आलेला. मोबाईलमधली क्लिप लावली — तीनच. तिच्या कॉम्प्युटरवर चार.

"मी काही केलं नाही सर. आईशप्पथ."

बाबा गेल्यावर मी ती क्लिप कितीतरी वेळा ऐकली होती. चौथा आवाज त्यात नव्हता. पण तो बाबांचाच होता, याबद्दल मला शंका नाही.

श्वेताला ती क्लिप फिल्ममधून काढायला सांगितली, चार आवाजांची फाइल तशीच ठेवायला सांगितली आणि तिची एक कॉपी माझ्या मोबाईलवर घेतली. हे कोणाला विचारायचं तर एकच माणूस होतं. रविवारी अकोल्याला गेलो. आई गॅलरीत तुरीची डाळ निवडत होती. फिल्मबद्दल एक अक्षर बोललो नाही. "बाबांचा आवाज आहे, ऐकतेस?" एवढंच म्हणालो आणि तिच्या कानात इयरफोन घातले.

"पाणी मागून राहिले," पहिल्या आवाजाला ती म्हणाली. दुसऱ्याला, "कूस बदलून दे म्हणतेत." तिसऱ्याला किंचित हसली. "तुले म्हणून राहिले, तो मोबाईल बाजूले ठेव. आवडत नव्हतं त्याईले."

म्हणजे मी त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरून बसलो होतो, आणि ते मला नको म्हणत होते.

मग आईचा सुपातला हात थांबला.

"हे कधीचं रे, राजू?"

"तेव्हाचंच."

"नाही. हे नाही ऐकलं मी कधी."

"काय म्हणतात?"

"विचारून राहिले... हे पोट्टे कोणाचे? काहून हसून राहिले?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "अन् राजू बी हसून राहिला म्हणतेत."

मी सगळं सांगितलं. लॅब, मैदा, झोंबी. झोंबी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "ते शेवटचं पुन्हा लाव."

लावलं. तीन आवाज, मग पंखा. पुन्हा लावलं. तीनच. तिथूनच श्वेताला फोन केला. सबमिशनमुळे लॅब रविवारीही उघडी होती; तिनं तिथल्या कॉम्प्युटरवर ऐकलं. "सर... इथेही तीनच आहेत आता," म्हणाली.

सोमवारी मुलांना खरं सांगितलं. कोणी हसलं नाही. प्रणयनं क्लिप स्वतः डिलीट केली आणि फिल्म मुकीच सबमिट झाली.

साउंड हा माझा विषय आहे. फाइल बिघडली असेल, दुसरा ट्रॅक मिसळला असेल, सगळं तपासलं. आणि ते सोडलं तरी, लॅबमधलं हसणं आईला कोणी सांगितलं?

आता दर रविवारी मी गेलो की आई सूप बाजूला ठेवते आणि म्हणते, "लाव." तिसऱ्या आवाजाला बाबा मोबाईल ठेव म्हणतात, आता मला ते नीट कळतं. तरी मी ठेवत नाही. इयरफोनवर हात दाबून ती पंख्याची घरघर ऐकत असते.

"बंद करू, आई?"

"थांब ना. लगेच नाही बोलत ते."