गोदूबायनं पाय मागं का ओढले

माझी मोठी जाऊ गोदूबाय विचुंब्याहून पनवेलच्या बाजारात वीस वर्षं भाजीची पाटी डोक्यावर घेऊन अनवाणी गेली. काटा रुतला तर चालता चालताच उपटायची. अशा बाईच्या पायांना नुसता हात लागला तरी आग होते, हे कोण खरं मानणार? मी तर नाहीच मानलं. उगाच खोटं कशाला बोलू!

दोन वर्षांपूर्वी तिच्या प्रणितचं लग्न झालं. नवी सून अंकिता माप ओलांडून आत आली आणि सासूच्या पाया पडायला वाकली. तिची बोटं लागली मात्र, गोदूबायनं चटका बसल्यासारखे पाय मागं ओढले. दारात सगळी पाहुणेमंडळी. अंकिता तशीच वाकलेली राहिली. आणि मी शहाणी, बाजूच्या बाईच्या कानाशी लागून म्हणाले, "सून पसंत नाय वाटतं." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात तेच. पोरगी आमच्यातली नव्हती, त्यामुळं सगळ्यांना लगेच पटलंही.

चार-पाच महिन्यांत दोघं खांदा कॉलनीत भाड्यानं राहायला गेली. पोरगी वाईट नव्हती हो. सणाला यायची, पण लांबूनच हात जोडायची. गोदूबाय मला म्हणायची, "निशा, माझी सून माझ्याजवळ येत नाय गो." रोज भाकऱ्या थापताना दोन जास्त थापायची, कोण जाणे कुणी आलंच तर म्हणून. त्या शेवटी आम्हीच खायचो.

पायांचं तर वाढतच चाललं. चादर टेकली तरी ओरडायची. दिवसातून चारदा बादलीत पाय बुडवून बसायची. साखर तपासली, ठीक. करंट देऊन नसा तपासल्या, त्याही ठीक. एका डॉक्टरानं मन कशात तरी रमवा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "बघ, डॉक्टर पण तेच बोलतो. नाटकं पुरे कर." तिनं पाय परत बादलीत बुडवले. तेव्हा तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी पनवेलातल्या नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी टाचणी टोचून पाहिली, गार लोखंड लावून पाहिलं. घोट्यापाशी गोदूबायला गार कळेचना.

"मावशी, करंटच्या तपासणीत जाड नसा कळतात," त्या म्हणाल्या. "आग, टोचणं, गार-गरम सांगणारे तंतू फार बारीक असतात. ते बिघडले तरी ती तपासणी चांगलीच येते."

मग घोट्याच्या वर बधिर करून मसुराच्या दाण्याहून लहान कातडीचा तुकडा काढला नि मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. कातडीतले ते तंतू हवे त्यापेक्षा खूपच कमी होते. "कशानं झालं ते अजून शोधू, कधी कधी सापडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधानं आग कमी होईल, अगदी जाईलच असं नाही. पण दुखणं खरं आहे तुमचं."

गोदूबाय तिथंच ढसाढसा रडली. आजार निघाला म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. बाहेर येताच म्हणाली, "आधी खांदा कॉलनी. आणि तू पण चल, मेले!"

अंकितानं दार उघडलं. आत पाऊल टाकायच्या आधीच मी बोलून टाकलं, "पोरी, ते पसंत-नापसंत मी पसरवलं. माझ्या तोंडाला कुलूप नाय." गोदूबायनं रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्यानंच वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"आई, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तवा मलाच ठाव नव्हतं गो. वाटलं, मीच येडी झाले." गोदूबाय खुर्चीवर टेकली, पाय पुढं केले. "आता पड पाया. मी हलायची नाय."

अंकिता खाली बसली. हात पुढं केला आणि थांबली. "दुखेल तुम्हांला."

"दुखू दे. दोन वरसं वाट बघतेय."

अंकितानं पायांना हात लावला नाही. चार बोटं अलीकडे फरशीवर दोन्ही तळवे टेकले आणि त्यांवर कपाळ ठेवलं. गोदूबायनं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठू नको इतक्यात," म्हणाली.